गाडी ‘मिसिंग’ मारतेय!

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी विझतो. रस्त्यावर गाडी गचके खाते आणि गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी होते. अशा वेळी दोष कुणाचा? गाडीचा, पेट्रोलचा की चालवणाऱ्याचा?

जुलै २०२४ मधला एक रविवार. बाबा आणि आई साताऱ्याहून, आत्याकडून परत आले. बाबांनी गाडीची किल्ली नेहमीच्या खुंटीला लावलीच नाही. ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘आता तूच चालवत जा. मला नाही जमत.’’ बस, एवढंच. मग चहा घेतला, पेपर उघडला, विषय संपला.

काय झालं होतं ते नंतर आईकडून कळलं. जाताना खंबाटकी घाटात, ऐन पावसात, गाडीने गचके खायला सुरुवात केली. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर, पण गाडी पुढे जायचं नाव घेईना. मागे ट्रक, त्याचा हॉर्न, शेजारी देवाचं नाव घेणारी आई आणि समोर डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा, तोही उघडझाप करणारा. बाबांनी हॅझर्ड लाइट लावले, कशीबशी गाडी कडेला घेतली आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. परत चालू केली तर काही झालंच नाही अशा थाटात गाडी घाट चढून गेली. येताना बोगद्यातून तर एकही धक्का नाही.

रात्री दादाचा बंगळुरूहून फोन. ‘‘अगं, क्लचवर पाय ठेवून चालवत असतील. वय झालंय त्यांचं.’’ आणि खरं सांगू? मीही ‘हो ना’ म्हणाले. माझ्या हातात तर ती गाडी कधीच गचके खात नव्हती. अर्थात मी ती चालवायचे आठवड्यातून दोनदा, सपाट रस्त्यावर, ऊन असताना. पावसात मी कॅब करते. हा मुद्दा तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

दिव्याचा फंडा

गाडी आमची २०१४ ची. पेट्रोलवरची, चार सिलिंडरची साधी हॅचबॅक. तेव्हा चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर झाले होते.

मिसफायर म्हणजे काय, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा आली, दाबली गेली, पण जळली नाही, किंवा अर्धवट जळली. आपल्याकडे गॅरेजमध्ये यालाच ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. चार सिलिंडरच्या मिळून शंभर. त्यातल्या चार-पाच चुकल्या तरी बुडाखाली लगेच कळतं.

गाडीच्या कॉम्प्युटरला ते कसं कळतं, हे मला सगळ्यात भारी वाटलं. तो ठिणगी ‘बघत’ नाही. इंजिनच्या मुख्य दांड्याजवळ, म्हणजे क्रँकशाफ्टजवळ, एक सेन्सर असतो. तो दांडा किती वेगाने फिरतोय हे क्षणाक्षणाला मोजत असतो. प्रत्येक स्फोटाला दांड्याला धक्का मिळतो. एक स्फोट चुकला की दांडा तेवढ्यापुरता किंचित रेंगाळतो. कुणाच्या पाळीला तो रेंगाळला, यावरून सिलिंडरचा नंबर कळतो.

आता दिवा. तो स्थिर पेटला तर गाडी लवकर दाखवा, पण लगेच जीव मुठीत धरायची गरज नाही. तो उघडझाप करत असेल तर मात्र पाय हलका करा आणि जमेल तिथे सुरक्षित थांबा. कारण न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून भाजून निघतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले धातू असतात, त्यामुळे त्याची किंमत ऐकून आपणही मिसफायर होतो. म्हणजे घाटात पाय काढून कडेला थांबण्याचा बाबांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. हे मला कळायला पुढे वर्ष लागलं.

आणखी एक गोष्ट. मिसिंग कन्व्हर्टर भाजण्याइतकं नसेल तर गाडी पहिल्याच वेळी दिवा लावत नाही. ती आधी मनात नोंद करते आणि पुढच्या फेरीत तेच घडलं तर दिवा लावते. पुढच्या सलग तीन फेऱ्या नीट गेल्या की दिवा आपला आपण विझवते. म्हणजे धक्के बसले पण दिवा नाही, किंवा दिवा आहे पण धक्के नाहीत, या दोन्ही गोष्टी अगदी नॉर्मल आहेत. आपल्याला मात्र वाटतं, चालवणारा काहीतरी पुड्या सोडतोय.

डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो

घाटाच्या प्रकरणानंतर मी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. एसी लाउंज, मशिनची कॉफी, गुळगुळीत जॉब कार्ड. संध्याकाळी रिपोर्ट: ‘एरर डिलिट केला आहे, ट्रायलमध्ये दोष आढळला नाही.’ त्यावर एक एस्टिमेटही हातात ठेवलं. चारही कॉइल, चारही इंजेक्टर, लेबर धरून एकवीस हजार. ‘‘प्रॉब्लेम परत आला तर करून घ्या मॅडम.’’ फ्रीलान्स जर्नलिस्टला एकवीस हजार म्हणजे काय, हे कळायला तुम्हाला माझ्या न आलेल्या चेकची यादी बघावी लागेल.

आणि त्यांनी तो एरर डिलिट केला, हाच खरा लोचा. ते करणं म्हणजे घरफोडी झालेल्या खोलीत पोलिस यायच्या आधी लादी पुसून घेणं. गाडीचा कॉम्प्युटर नुसता कोड ठेवत नाही. दोष पकडला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती होते, पाणी किती तापलं होतं, वेग किती, इंजिनवर भार किती, याचा एक फोटोच काढून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. कोड पुसला की तोही गेला. नुसत्या दिव्यासाठी गाडी दाखवणार असाल तर आधी बजावून सांगा: पुसायच्या आधी मला वाचून दाखवा. निदान मोबाइलवर फोटो काढून घ्या.

त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्येही बाबांनी तक्रार केली होती. तेव्हा घराजवळच्या गॅरेजवाल्या मामांनी चारही प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. तीन हजार दोनशे. गाडी एकदम सही चालायला लागली. सगळे खूश. का सुधारली, हे कुणी विचारलंच नाही. ऑक्टोबर लागला होता, एवढंच.

बाकी सल्ले तर फुकट मिळतात. ऑफिसातल्या एकाने पेट्रोल पंप बदलायला सांगितला. दुसऱ्याच्या मते सगळा झोल इथेनॉलचा. हल्ली गाडीला साधी शिंक आली तरी बिल ई-२० वर फाटतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं आहे, पण टाकीतच खराब पेट्रोल असेल तर ते चारही सिलिंडरना पाजलं जाणार. एकालाच नाही. आमचा दोष कितींना होता? कुणालाच माहीत नव्हतं, कारण फरशी पुसून झाली होती.

नऊशे रुपयांचा डिटेक्टिव्ह

मग मी नऊशे रुपयांचं एक ब्लूटूथ उपकरण घेतलं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ते बसतं आणि मोबाइलवर कोड दिसतात. अमेरिकेत ही सोय १९९६ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ची सक्ती एप्रिल २०१३ पासून झाली. त्यामुळे आमची गाडी त्यात बसत होती. तुमची त्याआधीची असेल तर घेण्यापूर्वी चौकशी करा.

उपकरण हिवाळाभर नुसतं लटकत राहिलं. एक धक्का नाही, एक कोड नाही. (मी असताना, असं म्हणायला हवं.) मग २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. एका सकाळी कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढताना गाडीने पहिल्यांदा माझ्या हातात गचका खाल्ला. मग दुसरा. संध्याकाळी पुन्हा, आणि दिवा पेटला. सांगायला लाज वाटते, पण मला भयंकर आनंद झाला.

कोड होता पी ०३०३. यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर तीन. पी ०३०० आला असता तर दोष एका सिलिंडरपुरता नाही असं धरायचं, म्हणजे पेट्रोलचा दाब, हवा, सेन्सर अशा सगळ्यांना मिळून लागणाऱ्या गोष्टी तपासायच्या. इथे मात्र तीन नंबर. फ्रीझ फ्रेम सांगत होती: वेग ३४, फेरे १९००, भार ८६ टक्के, पाण्याचं तापमान ५८. म्हणजे चढ, जोर, आणि इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही.

पण कोड ‘कुठे’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. पी ०३०३ वाचून थेट तिसरी कॉइल मागवणं म्हणजे पोटात दुखतंय म्हटल्यावर अपेंडिक्स काढणं. ठिणगी नसेल, पेट्रोल नसेल किंवा दाब नसेल, तीनपैकी काहीही असू शकतं. मामांनी मग बिनखर्ची टेस्ट केली. इंजिन बंद, गार, आणि तीन नंबरची कॉइल एक नंबरवर, एकची तीनवर. बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मामांचं तत्त्व. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. (इंजिन चालू असताना कॉइलची वायर उपटून बघणारे महाभाग आहेत. करू नका. हजारो व्होल्ट असतात, शिवाय कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच.)

चार दिवसांनी पाऊस, चढ, गचका. कोड: पी ०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला! मामांनी ती काढून दाखवली. खालच्या रबरी नळीवर केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगीने प्लगच्या टोकाला जायचं सोडून बाहेरून पळवाट काढली होती, तिचा हा माग. नाना पेठेतून नवी कॉइल आणली, दोन हजार चारशे, ती एक नंबरला बसवली. मी दादाला मेसेज टाकला: केस सॉल्व्ह्ड.

आठ दिवसांनी पुन्हा पी ०३०३.

आता तीन नंबरवर जी कॉइल होती ती मूळची एक नंबरची. अकरा वर्षं तिने एक नंबरवर निमूट नोकरी केली आणि तीनवर येऊन महिनाही झाला नाही तर तिनेही मान टाकली. मामांनी डोकं खाजवलं. ‘‘ताई, मग इंजेक्टर बघावा लागेल. नाहीतर वायरिंग.’’ इंजेक्टर साडेचार हजार. वायरिंगचं तर काही सांगताच येत नाही.

बाबांची डायरी

मी घरी फोनवर मामांशी बोलत होते. बाबा उठले, खाली गेले आणि गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधली डायरी आणून माझ्यासमोर ठेवली. काही न बोलता.

ही डायरी मी लहानपणापासून बघतेय आणि कधीही उघडलेली नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची डायरी. तारीख, किलोमीटर, लिटर, भाव, ॲव्हरेज. त्यात २०२३ च्या पावसाळ्यापासून समासात मधूनमधून एक बारीक ‘ध’. ‘ध’ म्हणजे धक्के. शेजारी जागा. कात्रज. चांदणी चौक. वारज्याचा उड्डाणपूल. खंबाटकी. कुठे ‘दिवा’, कुठे ‘दिवा नाही’. एकूण अकरा नोंदी. बाबांनी हे दीड-दोन वर्षं लिहून ठेवलं होतं, कारण तोंडी सांगून कुणी ऐकत नव्हतं.

सगळ्या जागा चढाच्या. हे फ्रीझ फ्रेमशी जुळत होतं आणि त्याला कारण आहे. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. भरलेल्या लोकलमध्ये दारापर्यंत पोचण्यासारखं. मग वाटेत कुठे बारीकशी जरी फट मिळाली तर वीज तिथूनच सटकते. गॅरेजमध्ये गाडी न्यूट्रलला गुरगुरत असते तेव्हा ही वेळच येत नाही. म्हणून तिथे ‘दोष आढळला नाही’. दोष नुसता उभं असताना यावा आणि जोर दिल्यावर जावा, असं असतं तर मी हवेच्या नळ्यांची गळती शोधली असती. फक्त इंजिन खूप तापल्यावर आला असता तर कॉइलच्या आतल्या वेटोळ्यांवर संशय घेतला असता. आमचं प्रकरण उलटं होतं. गाडी तापली की बरी व्हायची.

मग पाऊस. अकरापैकी दहा नोंदी पावसातल्या. खंबाटकीच्या नोंदीपुढे लिहिलेलं: ‘शिरवळला चहा, अर्धा तास, मुसळधार.’ म्हणजे गाडी पावसात उभी होती आणि तिथून निघाल्यावर घाट. पण एक नोंद होती रविवार, १२ जानेवारी २०२५ ची. कडक ऊन. ‘ध. चांदणी चौक. दिवा नाही.’ ती एक नोंद आमची सगळी थिअरी मोडत होती.

‘‘बाबा, त्या दिवशी काय होतं?’’

‘‘संक्रांतीच्या आधीचा रविवार. आपण बावधनला गेलो होतो हळदीकुंकवाचं सामान द्यायला.’’ मग थोडं थांबून, ‘‘सकाळी गाडी धुतली होती बघ त्या पोऱ्याने. काचेवर दोन बादल्या ओतल्या. मी ओरडलो होतो त्याला.’’

एक तांब्या पाणी

दुसऱ्या दिवशी मामा घरीच आले. इंजिन बंद, बोनेट उघडं. मी समोरच्या काचेवर खालच्या बाजूला तांब्याने सावकाश पाणी ओतलं. काचेखाली, वायपर जिथे बसवलेले असतात तिथे, काळ्या प्लास्टिकची पन्हाळ असते. काचेवरचं पाणी तिने गोळा करून दोन्ही बाजूंनी खाली सोडायचं. आमच्या पन्हाळीत गुलमोहराचा बारीक पाला कुजून त्याचा लगदा झाला होता. आमचं पार्किंग उघड्यावर, झाडाखाली. त्यात उतारावर, गाडीचं नाक खाली. पाण्याला बाजूने जायला वाट नाही, म्हणून ते पुढे यायचं, पट्टीचं रबर जिथे फाटलं होतं तिथून टप टप खाली पडायचं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. बरोबर तीन नंबरच्या कॉइलवर!

कॉइल काढली. आत प्लगच्या षटकोनावर तांबडा गंज, पांढऱ्या चिनी मातीवर तपकिरी रेघ. खड्ड्यात पाणी साचायचं, ठिणगीला ओली पळवाट मिळायची, आणि गाडी चांगली तापली की पाणी वाळून जायचं. मेकॅनिकपर्यंत पोचेस्तोवर पुरावा हवेत. दोन वर्षं आम्ही प्लग बदलले, कॉइल बदलली, ड्रायव्हर बदलला. पन्हाळ कुणी बघितली नव्हती.

खड्डा हवेच्या प्रेशरने कोरडा केला, तिथला एक प्लग बदलला, दोनशे वीस. नवं रबर तीनशे ऐंशी. तीन नंबरच्या कॉइलची नळी स्वच्छ होती, ती तशीच ठेवली. पाला काढायचे पैसे मामांनी घेतले नाहीत. ‘‘हे सरांनी शोधलंय,’’ म्हणाले, ‘‘मी कसले घेऊ?’’ बाबा तेव्हा टूथब्रशने पन्हाळीची भोकं साफ करत होते, त्यांनी ऐकलं नसावं. की ऐकलं असेल, काय माहीत.

मी कोड पुसला नाही. गाडीलाच ठरवू दिलं. नंतरच्या सगळ्या फेऱ्या नीट गेल्या आणि एका सकाळी दिवा आपोआप गेलेला.

दादाला फोन केला. तो क्षणभर गप्प, मग म्हणाला, ‘‘बाबांना दे.’’ काय बोलले ते मी ऐकलं नाही, किचनमध्ये निघून गेले. मला स्वतःलाही बाबांना काहीतरी म्हणायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच.

ऑगस्टमध्ये, आत्याच्या वाढदिवसाला, किल्ली खुंटीवरून गायब. बाहेर धो धो पाऊस. साडेनऊच्या सुमारास बाबांचा फोन आला. पोटात गोळा आला माझ्या.

‘‘काय झालं? कुठे आहात?’’

‘‘खंबाटकीच्या वर. आईला फोटो काढायचाय, म्हणून थांबलोय.’’

‘‘आणि गाडी?’’

‘‘गाडीला काय झालंय?’’ मग आवाज थोडा चढवून, ‘‘तू सीट किती पुढे घेऊन ठेवतेस गं? शिरवळपर्यंत गुडघे दुखले माझे. आणि पेट्रोल भरलंस ते डायरीत लिहिलेलं नाही.’’